उलटा कान

१

सूनबाईने फिक्स्चरवरची ताडपत्री ओढली आणि ती अर्धी हातात धरूनच जागच्या जागी थिजली.

खुंटी कापलेली होती.

"दादा!" तिने हाक मारली. "जरा इकडे या. लवकर."

दादा हा कारखान्यातला सर्वांत जुना वेल्डर. सख्खी बहीण एकच, पण तिथल्या लहानथोरांचा तो दादाच होता. तो आला, वाकला, खुंटीच्या उरलेल्या बुडख्यावरून बोट फिरवलं आणि तसाच वाकून राहिला.

कारखान्यात लोखंडी पाळणे बनत. उंच इमारतीच्या गच्चीवरून दोन दोर सोडायचे, त्यांना पाळणा टांगायचा आणि त्यात उभं राहून रंगाऱ्याने भिंत रंगवायची. दोर ज्या जाड पट्टीच्या भोकात अडकतो तिला सगळे कान म्हणत. पाळण्याच्या दोन टोकांना दोन कान. कानाचं भोक मधोमध नसतं. त्याच्या एका बाजूला भरपूर लोखंड, दुसऱ्या बाजूला अगदीच बेताचं. भरपूर लोखंडाची बाजू वर यायला हवी, कारण सगळा भार तिच्यावर. कान उलटा जोडला गेला तर माणसाचा जीव बोटभर पातळ कडेवर लटकतो.

तसं होऊ नये म्हणून तर हे फिक्स्चर होतं. पाइप आणि कान ठरलेल्या जागी घट्ट धरून ठेवणारं भक्कम लोखंडी टेबल. मालकांच्या सुनेने ते आखलं होतं आणि कानाच्या जागेशेजारी एक खुंटी उभी केली होती. कान सरळ ठेवला तर गुमान बसायचा, उलटा ठेवला तर खुंटीला अडायचा. डोळे मिटून काम केलं तरी चूक होणार नाही, असं ती अभिमानाने सांगायची.

आणि आदल्या दिवशी दुपारी याच कारखान्यातला पाळणा एका बाजूने सुटला होता. आतला रंगारी तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. तो इस्पितळात होता, अजून शुद्धीवर नव्हता. तो रंगारी म्हणजे दादाच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

"हे कुणी केलं, दादा?" सूनबाईने विचारलं. विचारताना तिची नजर दादाच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. या टेबलावर दादाशिवाय दुसरं कुणी काम करत नव्हतं.

दादाला ती नजर कळली. तो सरळ उभा राहिला.

"सूनबाई, तुम्ही पण?"

तेवढ्यात मागून मालकांचा आवाज आला. "कुणी हात लावू नका त्याला. पोलीस निघालेत."

२

पोलिसांच्या पाठोपाठ विमा कंपनीने पाठवलेल्या बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. निम्मं आयुष्य त्यांनी फिक्स्चर आखण्यात घालवलं होतं. आता मोडलेल्या वस्तू का मोडल्या, ते शोधत फिरायच्या. तासाभरात कारखान्याने त्यांचं बारसं उरकलं होतं: भिंगबाई.

बाई आधी अपघाताच्या जागी जाऊन आल्या होत्या. फाटलेला कान, दुसऱ्या दोरावर लोंबकळणाऱ्या पाळण्यासकट, वर गच्चीखालीच लटकत राहिला होता. तो त्यांच्यासमोर सकाळी खाली उतरवला गेला. त्याआधी कुणाचा त्याला हात लागला नव्हता, खालून तो नीट दिसतही नव्हता.

"उलटा जोडलाय," इन्स्पेक्टर म्हणाले. "आणि इथं खुंटी कापलेली. आता काय राहिलं? कान नीट बसवायला वेळ लागतो म्हणून वेल्डरने खुंटी उडवली. मग घाईत कान उलटा ठेवला. पाळण्यावर त्याचाच शिक्का आहे."

"दिसतंय खरं तसं," बाई म्हणाल्या.

"दिसतंय म्हणजे?"

"इतकं सोपं दिसलं की मला झोप लागत नाही. संध्याकाळपर्यंत थांबाल?"

इन्स्पेक्टरांनी दादाकडे पाहिलं. तो एका स्टुलावर बसला होता, दोन्ही तळहात गुडघ्यांवर उताणे ठेवून. जणू ते हात दुसऱ्या कुणाचे होते.

"संध्याकाळपर्यंत," इन्स्पेक्टर म्हणाले. "नंतर मी याला घेऊन जाणार. इस्पितळातून वाईट बातमी आली तर त्याआधीच."

३

मालकांचा मुलगा ऑर्डरी आणायचा आणि माल रवाना करायचा. बाईंनी पहिला त्यालाच गाठला.

"तो पाळणा तुम्ही पाठवलात?"

"रंगवून झालेल्या मालात उभा होता, म्हणून पाठवला. मला काय स्वप्न पडलं होतं?" तो कपाळ पुसत होता. "गिऱ्हाईक रोज फोन करायचं. मी तगादा लावला होता, ते कबूल. पण खुंटी काप, असं मी कशाला सांगेन? बायकोने केलेलं फिक्स्चर आहे ते. घरी राहायचंय मला."

"वेल्डिंग येतं तुम्हाला?"

शेजारून जाणारा कामगार फिसकन हसला. मुलगा ओशाळला. "ठिणगी उडाली की मी पळतो. साऱ्यांना माहीत आहे."

"बरं. खुंटी झिजली तर काय करतात इथे?"

"खुंटी झिजते?" त्याने बाईंकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी टेबलाला ताप येतो का विचारलं होतं. "मग टेबलच नवं करावं लागेल ना?"

बाई दादाजवळ गेल्या आणि दुसरं स्टूल ओढून समोर बसल्या.

"फिक्स्चरवरून भांडण झालं होतं म्हणे."

"झालं होतं." दादाचा आवाज घोगरा होता. "पण खुंटीवरून नाही. खुंटी चांगली होती. माझं भांडण वेगळंच होतं. पाळण्याची फ्रेम आत बसायची झोकात, पण वेल्डिंग गार झालं की अडकून बसायची. दोन्ही कान दोन टोकांना घट्ट धरलेले. लोखंड गार होताना आखडतं, मग ते सोडतंय कशाला? हातोड्याने ठोकून बाहेर काढावी लागायची. मी चारचौघांत बोललो, आवाज चढला. सूनबाईंना लागलं ते."

"इन्स्पेक्टर म्हणतात, तुम्ही खुंटी कापलीत."

"माझ्या बहिणीचा नवरा त्या पाळण्यात चढायचा, बाई. मला माहीत होतं, आमचे पाळणे तो वापरतो." त्याने मान खाली घातली. "बहीण बोलत नाही माझ्याशी. सकाळी गेलो तर तिने तोंड फिरवलं. रात्रभर मी आठवतोय. एखादा कान माझ्याच हातून... पण नाही आठवत. खुंटी असताना उलटा बसणारच कसा?"

"बसणार नाही," बाई म्हणाल्या आणि उठून फिक्स्चरकडे गेल्या. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ त्या वाकून होत्या. मग हळूच शीळ घातल्यासारखा श्वास सोडला.

"इन्स्पेक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, "ही खुंटी अपघाताच्या आधी नाही, नंतर कापलेली आहे."

४

"वेल्डिंग करताना वितळलेल्या लोखंडाचे बारीक मणी उडतात आणि पडतील तिथे चिकटतात," बाई बोट ठेवत सांगत होत्या. "टेबलाचा हा सगळा भाग बघा. खरखरीत झालाय. पण खुंटीच्या मागे ही पट्टी बघा, कशी गुळगुळीत आहे. पावसात झाडाखालची जमीन कोरडी राहते ना, तसं. म्हणजे मणी उडत होते तेव्हा खुंटी उभी होती. आणि कापलेल्या तोंडावर एकही मणी नाही. खुंटी गेल्यावर या टेबलावर एकसुद्धा वेल्डिंग झालेलं नाही. आणि काल अपघाताची बातमी येईपर्यंत दादा इथं काम करत होता."

"मग कान उलटा जोडला गेला कसा?" इन्स्पेक्टर चक्रावले.

"या टेबलावर जोडला गेलाच नाही."

सूनबाई बाजूला उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बाईंनी तिला एका कोपऱ्यात घेतलं.

"फ्रेम अडकते, हे दादाचं म्हणणं खरं?"

"खरं आहे." ती म्हणाली. "सगळं घट्ट धरलं म्हणजे सगळं अचूक येईल, असं मला वाटलं. लोखंड गार होताना कुठं जाणार, याचा विचार मी केलाच नाही. एका टोकाची पकड सैल ठेवायला हवी होती, आडवी सरकणारी. मी तसा बदल आखलाय, पण अजून केला नाही. चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं, त्याचा राग होता मला." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या रागापायी माणूस पडला का, बाई?"

"ते शोधतेय. आधी मला सांगा, खुंटी झिजली की काय करता?"

"बदलतो. दादा किंवा मी. खालून पाना लावला की फिरवून निघते. झिजणारी प्रत्येक गोष्ट बदलता यायला हवी, म्हणून तशी केली."

"अजून कुणाला माहीत आहे हे?"

"ज्याला या टेबलाखाली शिरावं लागतं त्याला. म्हणजे आम्हा दोघांनाच."

बाईंनी भिंग छातीवर सोडलं. पुढचा प्रश्न विचारणार, तोच इन्स्पेक्टरांचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं आणि दादाकडे वळले.

"इस्पितळातून होता. तुमच्या मेहुण्यांना ऑपरेशनला आत नेलंय. काही सांगता येत नाही म्हणाले."

५

मालकांची खोली छोटी होती. भिंतीला लागून वेल्डिंगचं एक जुनं मशीन ठेवलेलं होतं, रॉडने जोडकाम करायचं. आता कारखान्यात सगळं काम तारेच्या मशीनवर चालायचं.

"यावरच सुरुवात केली मी," मालक मशीनवर हात ठेवून म्हणाले. सत्तरीला आलेला, रुंद मनगटांचा माणूस. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. "मी आणि दादा. एक मशीन, दोन माणसं, आळीपाळीने. तेव्हा कुठलं फिक्स्चर आणि काय! हाताचा अंदाज हेच फिक्स्चर."

"दादाने खुंटी कापली असेल, असं वाटतं तुम्हाला?"

मालकांनी नजर खिडकीकडे वळवली. "मला वाईट वाटतं बोलायला. पण माणूस थकतो, बाई. कंटाळतो. ती खुंटी नको झाली असेल त्याला. टेबलातच पक्की बसवलेली, मग कापल्याशिवाय दुसरा इलाज काय?"

"खरंय," बाई म्हणाल्या. "मशीन छान ठेवलंय. धूळ नाही अजिबात."

"पुसतो कधीमधी."

बाई बाहेर आल्या आणि थेट मागच्या भंगाराच्या पेटीकडे गेल्या. पदर खोचला आणि दोन कामगारांना हाताशी घेऊन पेटी उपसायला लावली. पत्र्याचे तुकडे निघाले, वाकलेले पाइप निघाले. उन्हं कलायला लागली. इन्स्पेक्टर घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते.

"बाई, आता पुरे झालं."

"हे काय आहे बघा," बाई म्हणाल्या.

त्यांच्या हातात एक कान होता. पार वाकलेला, बुडाशी ग्राइंडरने कापून काढलेला. आणि त्यावर लाल खडूची ठळक फुली.

दादा जवळ आला आणि त्याच्या तोंडून नकळत निघालं, "ही फुली माझी आहे."

६

साऱ्यांना फिक्स्चरभोवती बोलावलं गेलं. मालक, त्यांचा मुलगा, सूनबाई, दादा. इन्स्पेक्टर दाराशी उभे राहिले.

"फुलीचं सांगा, दादा."

"एक फ्रेम फारच अडकली होती. ठोकून काढताना कान वाकला. मी त्यावर फुली मारली आणि फ्रेम बाजूला ठेवली, भंगारात टाकायला. सुट्टीनंतर आलो तर ती जागेवर नव्हती. मला वाटलं, गेली भंगारात."

"ती गेली रंगाला," बाई म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी कुणीतरी वाकलेला कान कापून काढला आणि त्या जागी नवा जोडला. फिक्स्चरशिवाय, नुसत्या हाताच्या अंदाजाने. सुटलेल्या पाळण्यावर रंग खरवडून पाहिलाय मी. खाली जुनं वेल्डिंग घासल्याच्या खुणा आहेत. आणि नव्या वेल्डिंगच्या कोपऱ्यात काळ्या काचेसारखी खपली अडकलीय. ती फक्त रॉडच्या वेल्डिंगला येते, तारेच्या नाही. वेल्डिंग मात्र अप्रतिम आहे. फाटलं ते लोखंड, सांधा अजून शाबूत आहे. असा सांधा शिकाऊ हाताचा नसतो. इथं तसा रॉड दोघांनाच चालवता येतो."

मुलाने दचकून आधी दादाकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"आता खुंटीकडे या. काल संध्याकाळी ती कुणीतरी कापली. फाटलेला कान तेव्हा गच्चीखाली लटकत होता. तो उलटा आहे, हे पोलिसांनाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मग कापणाऱ्याला खुंटीच कापायचं का सुचलं? पाळणा सुटला, एवढंच कळलं असेल तर माणूस दोर धरेल, वेल्डिंग धरेल. कान उलटा असणार, ही शंका फक्त एकालाच येऊ शकते. ज्याने तो स्वतःच्या हाताने जोडला, त्याला. आपल्या हातून काय झालं असेल, ते त्याला बातमी ऐकताच उमगलं, आणि उलट्या कानाचा दोष दुसऱ्या कुणावर तरी जावा म्हणून त्याने खुंटी उडवली."

बाईंनी खुंटीच्या उरलेल्या बुडख्यावर बोट टेकवलं.

"दादा," बाई एकदम म्हणाल्या, "तो बुडखा बदला पाहू."

दादा काही न विचारता पाना घेऊन टेबलाखाली शिरला. दोन वेढे दिले आणि खुंटीचा बुडखा टुणकन खाली त्याच्या हातात आला. त्याने तो टेबलावर ठेवला.

सगळे बुडख्याकडे बघत होते. बाई मात्र मालकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं.

"फिरवून निघते?" मालक पुटपुटले.

"निघते," बाई म्हणाल्या. "दादाला खुंटी नको असती तर त्याने ती पान्याने काढून खिशात टाकली असती. आवाज नाही, मागे खूण नाही. हवी तेव्हा परत लावता आली असती. ग्राइंडर त्यानेच चालवला, ज्याला खुंटी निघते हे माहीत नव्हतं. असे इथं दोन जण आहेत, तुम्ही आणि तुमचा मुलगा. मुलाला रॉड धरता येत नाही. रॉड धरता येतो आणि खुंटी निघते हे माहीत नाही, असा माणूस एकच उरतो."

"बाबा?" सूनबाईचा आवाज फुटला. "नाही म्हणा ना, बाबा."

मालकांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

"दोघांचं भांडण मिटावं, एवढंच होतं मनात," ते म्हणाले. "फ्रेम वाया गेली असती तर दादा पुन्हा बोलला असता, तू पुन्हा रडली असतीस. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी गुपचूप नीट करून ठेवू. आणि खरं सांगायचं तर हात शिवशिवत होते गं. अजून जमतं का, बघायचं होतं. सांधा इतका सुरेख आला की मी तिथंच उभा राहून बघत बसलो. कान कसा ठेवलाय, ते नाही बघितलं."

"आणि खुंटी?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"काल फोन आला. एक बाजू कानापाशी सुटली म्हणाले. कान ठेवताना मी पाहिलंच नव्हतं, ते तेव्हा आठवलं. कारखाना, हिचं नाव, माझं नाव, सगळं डोळ्यांपुढं फिरलं. सगळे इस्पितळाकडे धावले आणि मी इथं एकटाच राहिलो."

"माझं नाव नाही फिरलं डोळ्यांपुढं?" दादाने विचारलं.

त्याने आवाज चढवला नव्हता. मालकांनी हात पुढे केला, दादाच्या खांद्याकडे. दादा एक पाऊल मागे सरला. हात तसाच अधांतरी राहिला आणि मग खाली आला.

इन्स्पेक्टरांनी मालकांना पुढे घातलं. मुलगा त्यांच्यामागे धावला. सूनबाई टेबलाला धरून उभी होती. काही वेळाने तिने डोळे पुसले.

"दादा, ते सरकत्या पकडीचं... उद्या माझ्याबरोबर बसाल?"

"बसेन," दादा म्हणाला. "आज मला जायचंय."

७

इस्पितळाच्या लांब पडवीत बाकावर त्याची बहीण बसली होती. पायांत चपला नव्हत्या. काल घाईत तशीच निघाली होती ती. दादा काही अंतरावर उभा राहिला. जवळ जायची हिंमत होईना.

तिनेच मान वर केली. "पोलिसांचा फोन आला होता. तू नव्हतास म्हणाले."

"नव्हतो."

"मला वाटलं तूच." ती म्हणाली. "माझा सख्खा भाऊ, आणि मला वाटलं तूच."

"मलाही वाटलं," दादा म्हणाला. "रात्रभर."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, शर्टावर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं, बोटांना चिकटलेलं काळं ग्रीस. मग तिने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा करून दिली. दादा बसला. दोघंही समोरच्या बंद दाराकडे बघत होते.

"ऑपरेशन झालं. पाय वाचेल की नाही, सांगत नाहीत," ती म्हणाली. "पण शुद्धीवर आलेत. मघाशी बोलले."

"काय म्हणाले?"

"पहिला शब्द तुझा. दादाला सांगा म्हणे, बाकीच्या पाळण्यांत कुणाला चढू देऊ नको."

दादा उठला, तिथंच दोन पावलं बाजूला झाला आणि कारखान्याला फोन लावला. सूनबाईने उचलला.

"आपले जेवढे पाळणे बाहेर आहेत, तेवढे सगळे खाली उतरवायला सांगा," तो म्हणाला. "आत्ता. एकेक कान मी स्वतः बघणार आहे."

"सांगितलंय," सूनबाई म्हणाली. "बाई इथंच आहेत अजून. आम्ही दोघी निघालोय. पहिली इमारत तुमच्या इस्पितळाच्या मागच्या रस्त्यावर आहे. येता का खाली?"

दादाने वळून बहिणीकडे पाहिलं. तिला ऐकू गेलं होतं.

"जा," ती म्हणाली. "ते झोपलेत. उठले की मी सांगेन, दादा पाळणे उतरवायला गेलाय म्हणून."